गिरिजाबाईंच्या पसंतीचा मॉनिटर

साडी राखाडी आहे असं गिरिजाबाईंनी सांगितलं, तेव्हा खरं म्हणजे विषय तिथेच संपायला हवा होता. या घरात रंगाच्या बाबतीत त्यांच्या शब्दापुढे आजवर कुणी गेलं नव्हतं. पण या वेळी विषय फोनवरून मस्कतपर्यंत पोचला होता आणि तिकडे त्यांची नणंद नीलिमा ऐकत होती.

"वहिनी, राग मानू नका," नीलिमा म्हणाली, "पण तुम्ही ईमेल केलेल्या फोटोत नमुन्याची साडी जांभळट दिसतेय. आम्हाला ग्रे हवीये."

"फोटोत काहीही दिसेल. साडी माझ्या हातात आहे. राखाडी आहे."

"हो, पण इथे सगळ्याजणी म्हणतायत की..."

"मग तुझा कॉम्प्युटर बिघडलाय," असं म्हणून गिरिजाबाईंनी फोन नवऱ्याच्या हातात दिला. दशरथरावांनी बहिणीला "हो, हो, बघतो" असं सांगून तो खाली ठेवला. काय बघणार हे त्यांना माहीत नव्हतं.

प्रकरण नवरात्राचं होतं. वर्तमानपत्रांतून नऊ दिवसांचे नऊ रंग छापून यायला लागून तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती. पण मुंबईतल्या बायकांनी ते इतकं मनावर घेतलं होतं, की ज्या दिवशीचा जो रंग त्या रंगाची साडी नसणं म्हणजे मोठंच व्यंग ठरायला लागलं होतं. हे वेड समुद्र ओलांडून मस्कतच्या मराठी बायकांपर्यंत गेलं. तिथे राखाडी साड्या मिळेनात, म्हणून जी ती भारतातून मागवायला लागली. तेव्हा नीलिमाने मैत्रिणींना छातीठोकपणे सांगितलं, "माझी वहिनी भाईंदरला असते. ती पाठवील डझनभर. रंगात ती चुकत नाही."

ही काही नुसती बढाई नव्हती. गिरिजाबाई राजापूरकडच्या खेड्यातून लग्न होऊन गिरगावातल्या चाळीत आल्या, तेव्हा त्यांना घरात कुणी काही विचारत नसे. शिक्षण बेताचं, बोलणं गावाकडचं. मग एकदा सासूबाईंच्या अंजिरी साडीला सगळ्या जावा-नणंदांनी मिळून आणलेलं ब्लाउजपीस त्यांनी नुसतं बघून "ह्यात लाल जास्त हाय" म्हणून सांगितलं. उजेडात नेऊन पाहिलं, तर खरंच होतं. त्या दिवसापासून खरेदीला जाताना त्यांना बरोबर नेण्याची पद्धत पडली. पुढे गिरगाव सुटलं, भाईंदर पूर्वेला नवघर रोडवर फ्लॅट झाला, भाषाही बदलली. पण हा मान राहिला. कुणाचं लग्न असो की बारसं, रंग गिरिजाबाईंनी पास करायचा. त्यांच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं, आणि त्या ते फार जपत.

दशरथरावांना या खात्यात प्रवेश नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी बायकोसाठी आपल्या मनाने एक साडी आणली होती. तिची घडी अजून मोडलेली नव्हती. "यांना रंगातलं काय कळतं," हे वाक्य तेव्हा प्रथम उच्चारलं गेलं आणि पुढे त्यांची ओळख करून देतानाही वापरलं जाऊ लागलं. गोदीत कारकुनी करून ते निवृत्त झाले होते आणि आता घरात कुणी हाक मारली की स्टुलावर चढत. अलीकडे ते वारंवार चढत होते. कारण घरात उजेड कमी पडतोय अशी गिरिजाबाईंची तक्रार होती. वर्षभरात त्यांनी हॉलमधली ट्यूब पुन्हा पुन्हा बदलून घेतली, गॅलरीच्या काचा घासून घेतल्या आणि व्होल्टेजच्या नावाने बोटं मोडली. दशरथरावांना उजेड पूर्वीइतकाच वाटत होता. पण उजेडसुद्धा रंगखात्यातच येत असावा असं समजून ते गप्प राहिले.

संध्याकाळी सुरुची, त्यांची मुलगी, अंधेरीच्या ऑफिसमधून आली. कॉम्प्युटर तिचा, कॅमेरा तिचा, त्यामुळे आरोपही तिच्यावरच येणार होता. तिने फोटो उघडला. साडी जांभळट दिसत होती.

"बघ," गिरिजाबाई म्हणाल्या. "ह्या डब्यात तर मलासुद्धा जरा जांभळट वाटतेय. आणि ही हातातली बघ."

सुरुचीने हातातली बघितली. तीही तिला जांभळटच वाटली.

"आई, ही पण थोडी लव्हेंडरसारखी..."

"ट्यूब बघ किती मंद आहे! गॅलरीत चल."

गॅलरीत संध्याकाळचा उजेड होता. सुरुचीने साडी वर धरली, तिरकी धरली. साडी जांभळटच राहिली. पण आई शेजारी इतक्या शांतपणे उभी होती, की दिवसभर आकडे बघून आपलेच डोळे बिघडले असावेत अशी सुरुचीची हळूहळू खात्री झाली.

"हो गं," ती म्हणाली. "राखाडी आहे."

"बाबांना विचारू?" असंही तिच्या मनात आलं होतं. पण बाबांना विचारून काय उपयोग?

तेव्हा असं ठरलं, की मॉनिटर खोटा आहे. नीलिमाचा तर खोटा आहेच, आपलाही आहे. पुढे साड्यांचे फोटो पाठवायचे तर रंग खरे दाखवणारा, पण खिशाला परवडणारा मॉनिटर घरात हवा. दशरथरावांनी नव्याने काही घेण्याला विरोध म्हणून घसा खाकरला, पण तेवढ्याने ठराव फेटाळला गेला नाही.

रविवारी तिघं रिक्षाने मीरा रोडला गेली. गिरिजाबाईंच्या पिशवीत ती साडी होती, सुरुचीच्या पर्समध्ये फोटोची सीडी. शांतीनगरात चंदनभाईचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. पुढच्या बाजूला नवे, चपटे एलसीडी मॉनिटर मांडलेले. मागे बंद पडलेल्या ऑफिसांतून आणलेले जुने, पोटवाले.

चंदनभाईने मोठ्या उत्साहाने नवा एलसीडी सुरू केला. गिरिजाबाईंनी साडी पिशवीतून काढून पडद्याला लावली आणि डोळे बारीक केले.

"हे फार भगभगतंय. डोळ्यांत टोचतंय."

"ब्राइटनेस कम कर देता हूँ, आंटी."

"कलर पण गलत है. ये साडी देखो, राखाडी है. इसमें जांभळा दिखता है."

चंदनभाईने साडी बघितली, पडदा बघितला. दोन्ही अगदी सारखे होते. त्याने दशरथरावांकडे बघितलं. दशरथराव बाहेर रस्त्याकडे बघत होते.

"आंटी, सेम तो है..."

"उजेडात दाखव. बाहेर घे तो."

"क्या बाहर लूँ?"

"मॉनिटर."

यात गिरिजाबाईंना काही विशेष वाटलं नाही. नवघर रोडवर हंसाबेनचं मॅचिंग सेंटर होतं, आणि ब्लाउजपीस घ्यायचं तर आधी ते साडीवर ठेवून दुकानाच्या दारात, उन्हात नेऊन बघायचं, ही रीतच आहे. दुकानातल्या दिव्याखाली रंग पसंत करणारी बाई त्यांना अजून भेटायची होती. जो न्याय वीतभर कापडाला, तो एवढ्या मोलाच्या वस्तूला का नको? अखेर चंदनभाईने लांब वायर शोधून काढली. एक एक मॉनिटर दुकानाच्या पायरीवर येऊ लागला, गिरिजाबाई त्याला साडी लावू लागल्या आणि नापास करू लागल्या. उन्हामुळे बहुतेक पडद्यांवर काहीच दिसत नव्हतं. ते तर बघताक्षणी बाद झाले. रस्त्याने जाणारे लोक थांबून बघायला लागले. एका गृहस्थाने, साडीवर मॉनिटर फुकट आहे का, अशी चौकशीही केली.

शेवटी फक्त मागच्या कोपऱ्यातला एक पोटवाला मॉनिटर उरला. त्याच्यावर कळफलकांचा ढीग होता. "उसको रहने दो, आंटी," चंदनभाई म्हणाला. पण त्या वेळेपर्यंत गिरिजाबाईंनी कळफलक उतरवायला सुरुवात केली होती.

तो सुरू झाला. फोटो आला. साडी राखाडी दिसत होती. अगदी स्वच्छ राखाडी. जांभळ्याचा कुठे मागमूस नाही.

"बघा!" गिरिजाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा कापला.

सुरुचीने बघितलं. खरंच राखाडी! तिला केवढं हायसं वाटलं. आठवडाभर तिला आपल्याच डोळ्यांचा संशय येत होता, आणि आता निदान एक यंत्र तरी आईच्या बाजूने उभं राहिलं होतं. दशरथरावांनाही राखाडीच दिसलं. ते मात्र गोंधळात पडले.

"आंटी, मैं सच बोलता हूँ," चंदनभाई म्हणाला. "ये मत लो. इसका ब्लू खतम है. सब पीला मारता है. ये देखो, सफेद भी सफेद नहीं है."

गिरिजाबाईंनी तो पांढरा रंग नीट बघितला. त्यांना तो घरातल्या भिंतीसारखाच वाटला.

"बरोबर आहे की," त्या म्हणाल्या. "जे चांगलं असतं ते दुकानदार मागे लपवून ठेवतात."

किंमत इतकी कमी होती, की घासाघीस करावी तर लाज वाटावी. गिरिजाबाईंनी तरीही केली. चंदनभाईने वर एक माउस दिला आणि मॉनिटर रिक्षात ठेवायला स्वतः आला. निघताना तो दशरथरावांना हळूच म्हणाला, "अंकल, वापस लाना हो तो ले आना." एखाद्याला सांत्वनाला भेटून निघताना माणूस बोलतो, तसं तो बोलला.

घरी मॉनिटर मांडला, त्याला हळदकुंकू लागलं आणि मस्कतला फोन गेला. "नीलिमा, आता आमच्याकडे खरे रंग दाखवणारा मॉनिटर आलाय. तुझ्याकडे फोटोत काय दिसतं ते सोडून दे. रंग मी तोंडाने सांगणार, तू तो ऐकायचा." नीलिमाने मान्य केलं. लहानपणापासून तिने वहिनीच्या पसंतीचे परकर घातले होते. त्याच राखाडीच्या डझनभर साड्या घेतल्या गेल्या. शेजारचे आत्माराम शिगवण मुलाकडे मस्कतला निघाले होते. त्यांनी आपले लोणच्याचे डबे कमी करून सामानात साड्यांना जागा दिली.

नवरात्र बसलं. राखाडी रंगाचा दिवस आला आणि संध्याकाळी फोन वाजला. नीलिमा रडत होती.

"दादा, वहिनीला दे. नको, तूच ऐक. अरे, आम्ही सगळ्याजणी जांभळ्या! हॉलमध्ये बाकीच्या शंभर बायका ग्रे आणि आम्ही मधोमध बारा वांगी! त्या सगळ्या मला म्हणतायत, तुझ्या वहिनीच्या शब्दावर घेतल्या. फोटो पाठवलाय, बघा तुम्हीच."

सुरुचीने फोटो उघडला. मंडळाच्या हॉलमध्ये शंभरेक बायका ओळीत उभ्या होत्या. सगळ्यांच्या साड्या राखाडी होत्या. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकसारख्या राखाडी.

"ह्यातली नीलिमा कुठली?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"ही. मधली."

"मग? काय फरक आहे?"

तिघांनी पडद्याला नाक लावून बघितलं. फरक नव्हता. दशरथरावांना तर आता बहिणीचीच काळजी वाटू लागली.

"तिकडच्या उन्हाने होत असेल," गिरिजाबाई म्हणाल्या. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं, कारण नणंदेवर त्यांचं प्रेम होतं. पण खोटा आळ सहन करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "अहो, एक करा. स्टेशनजवळच्या स्टुडिओतून ह्या फोटोची मोठी प्रिंट काढून आणा. मी पोस्टाने तिला पाठवते. कागदावर बघितलं की तिला पटेल."

दुसऱ्या दिवशी दशरथराव प्रिंट काढून आले. पण घरी न येता बराच वेळ खाली बिल्डिंगच्या गेटपाशीच उभे राहिले. पाकीट त्यांनी स्टुडिओतच उघडून बघितलं होतं. शंभर बायका राखाडी होत्या आणि मधोमध बारा जांभळ्या होत्या. आंधळ्यालाही कळावं इतक्या जांभळ्या.

वर आल्यावर त्यांनी पाकीट बायकोच्या हातात दिलं आणि स्वतः पाणी प्यायला गेले. गिरिजाबाईंनी प्रिंट काढली, गॅलरीत नेली, जवळ धरली, लांब धरली.

"बघा, सगळ्या सारख्या," त्या म्हणाल्या. मग सुरुचीचं तोंड बघून थांबल्या. "काय गं?"

"काही नाही, आई."

"तुला काय दिसतंय?"

गिरिजाबाईंनी पदर खोचला, प्रिंट पाकिटात घातली आणि चपला पायांत सरकवल्या. "हंसाबेनकडे चला," त्या म्हणाल्या. रंगाचा तंटा शेवटी जिथे सुटतो, तिथे त्या निघाल्या होत्या. दशरथराव मुकाट्याने मागून गेले.

मॅचिंग सेंटरच्या दारात ऊन आलं होतं. हंसाबेनने प्रिंट हातात घेतली, बघितली आणि दशरथरावांकडे बघितलं. दशरथरावांनी मान खाली घातली.

"हंसाबेन, सच बोलो. ये सब एक कलर है ना?"

हंसाबेनने प्रिंट गल्ल्यावर ठेवली. मग ती पुढे येऊन गिरिजाबाईंचा हात धरून म्हणाली, "गिरिजाबेन, तुम बुरा मत मानना. एक साल से तुम जो पीस पसंद करती हो ना, वो मैं बांधते टाइम बदल देती हूँ. तुम नेव्ही को काला बोलती हो. मैं बोलूँ कैसे? मेरी आधी गिऱ्हाइकी तुमको पूछके पीस लेती है."

गिरिजाबाई दुकानाच्या पायरीवर बसल्या. उन्हात प्रिंट पुन्हा एकदा उघडून त्यांनी बघितली आणि मग, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, पहिल्यांदाच नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला काय दिसतंय हो?"

"मला रंगातलं काय कळतंय," दशरथराव म्हणाले.

"खरं सांगा."

"...मधल्या जांभळ्या आहेत."

"आणि ती पहिली साडी? घरातली?"

"ती पण."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

दशरथरावांनी बराच विचार केला. "मला वाटलं, तू म्हणतेस म्हणजे राखाडीच असणार," ते म्हणाले. आणि हे अगदी खरं होतं.

गिरिजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला कळत होतं हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ट्यूब बदलून उजेड वाढेना, तेव्हाच कळत होतं. पण डोळेच गेले तर मला कोण विचारणार, ह्या भीतीने मी बोलले नाही." दशरथराव बायकोच्या शेजारी पायरीवर बसले आणि प्रिंट तिच्या हातातून घेऊन त्यांनी पाकिटात घातली. हंसाबेनने दोघांना चहा मागवला.

मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत, आणि चांगला पिकलेला. "पिवळ्या काचेतून बघत होत्या इतके दिवस," डॉक्टर म्हणाले. "निळा-जांभळा दिसणारच नाही. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" मधल्या काळात दशरथरावांनी मस्कतला फोन करून, त्या साड्या जांभळ्या रंगाच्या दिवशी नेसा, असं सांगितलं होतं. त्या दिवशी हॉलमध्ये एकसारख्या जांभळ्या साडीतल्या फक्त या बाराच बायका होत्या आणि बाकीच्या शंभरांनी त्यांना दुकानाचा पत्ता विचारला, असा नीलिमाचा फोन आला. ती पुन्हा रडत होती, पण वेगळ्या कारणाने.

दिवाळीनंतर उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर गिरिजाबाई काळा चष्मा लावून घरी आल्या. हॉलमध्ये खुर्चीवर बसून त्यांनी चष्मा काढला. आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. भिंत एका डोळ्याने पांढरी होती आणि एका डोळ्याने पिवळी. त्यांनी ते पुन्हा पुन्हा करून बघितलं. मग त्या उठल्या. देवघरातली कृष्णाची मूर्ती निळी होती, ती त्यांनी बराच वेळ बघितली. दशरथरावांचा शर्ट आकाशी निघाला. "हा तर मी पांढरा म्हणून धुते," त्या म्हणाल्या आणि हसल्या. सगळं घर त्यांनी असं नव्याने तपासून घेतलं. सुरुची आणि दशरथराव मागून चालत होते.

शेवटी त्या कॉम्प्युटरपाशी आल्या. सुरुचीने काहीतरी काम काढून तो सुरूच ठेवला होता. पडद्यावर हळदीच्या पाण्यात भिजवल्यासारखं सगळं पिवळं पडलेलं होतं. गिरिजाबाईंनी डावा डोळा हाताने झाकला आणि उजव्या, नव्या डोळ्याने त्याच्याकडे टक लावून बघितलं. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"शी! काय हा रंग! असला डबा कुणी पसंत केला?"

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच आठवलं. डोळ्यावरचा हात तसाच राहिला. सुरुची खाली बघायला लागली.

"मी," दशरथराव म्हणाले.

गिरिजाबाईंनी हळूच हात खाली घेतला. दोन्ही डोळ्यांनी त्यांनी नवऱ्याकडे नीट बघून घेतलं.

"तरीच," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी मला विचारल्याशिवाय काही घेत जाऊ नका."

"बरं," दशरथराव म्हणाले, आणि मॉनिटर उतरवून ठेवायला पुढे झाले.